वर्गणी नको, हजेरी द्या

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर एक हिशेब सुरू होतो. तो कुठल्याही वहीत लिहिला जात नाही. जूनमध्ये राबावर, म्हणजे पालापाचोळा भाजून तयार केलेल्या वाफ्यावर, पेरलेले भाताचे रोप आता वीत-दीड वीत झालेले असते, खाचरात पाणी साठलेले असते आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकायची असते. रोप फार वाढले की फुटवे कमी धरतात, पावसाने चार दिवस दडी मारली की चिखल आवळून येतो, त्यामुळे हाताशी दिवस थोडेच. चिखलणी करणारा, मुठी उपटणाऱ्या, त्या वाहून आणणारा, वाकून लावणाऱ्या अशी पंधरा-वीस माणसे एकाच दिवशी एकाच घराच्या शेतात हवीत, आणि घरात कामाची माणसे तीन. मजूर लावावेत तर वर्षातला सर्वांत कडकीचा महिना हाच. शिवाय मजूर येणार कुठून? त्याच्याही खाचरात याच आठवड्यात हेच काम पडलेले आहे.

यावर महाराष्ट्राच्या खेड्यांनी काढलेला जुना तोडगा म्हणजे सावड. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. देशावर नांगरटीच्या वेळी इर्जिक घालत, तिचा नेम थोडा वेगळा: शेजारीपाजारी आपापले बैल आणि औते घेऊन यायचे, एका दिवसात रान उलथून द्यायचे आणि यजमानाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. इर्जिकेत जेवणाने बरीचशी फेड होते. सावडीत मात्र दिवसाची फेड दिवसानेच करावी लागते. जेवण मिळाले तरी देणे शिल्लक राहते.

पैशाच्या व्यवहारात वाढलेल्या माणसाला हा हिशेब ढिसाळ वाटतो. प्रत्यक्षात तो फार काटेकोर असतो. बैल घेऊन आलेल्याचा दिवस आणि रिकाम्या हाताने आलेल्याचा दिवस सारखा धरला जात नाही. सकाळी उशिरा येऊन दुपारी निघून गेलेला सर्वांच्या ध्यानात राहतो. आजारी घराची फेड पुढच्या हंगामावर ढकलली जाते. आळशी घराची ढकलली जात नाही. ज्या घरात कर्ता माणूस नाही त्या घराचे काम लोक करून देतात, पण तेही दरवेळी नव्याने ठरवून, आपोआप नाही. आणि जो सलग दोन वर्षे घेतो पण देत नाही, त्याला कुणी बोलत नाही, दंडही करत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या शेतात कुणी फिरकत नाही, एवढेच. आवणीच्या आठवड्यात याहून कडक शिक्षा कुठली?

या प्रकरणाचा विषय हाच आहे. चार माणसांनी मिळून एखादी सोय उभी केली, तर त्या सोयीच्या बदल्यात प्रत्येकाने काय द्यायचे? पैसे, असे आपण पटकन म्हणतो. सोसायटीचा मेंटेनन्स, जिमखान्याची फी, गणपतीची वर्गणी. पण जगभरात ज्या सामायिक सोयी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यांच्या नियमांत पैशाचे कलम बहुधा खालच्या ओळीत सापडते. वरच्या ओळीत असते ती हजेरी.

याचा सर्वांत अनपेक्षित नमुना जव्हारपासून फार लांब, शिडाच्या बोटींच्या क्लबांत दिसतो. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर वसलेल्या जव्हारला शिडांशी काय घेणेदेणे, असे वाटेल. मलाही ही तुलना आधी ओढूनताणून आणल्यासारखी वाटली होती. पण नियम वाचत गेलो तसे कारण कळत गेले.

ब्रिटनमध्ये 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची बोट आली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळाने निघालेली, प्लायवूडच्या तुकड्यांच्या संचातून घरी जोडता येणारी आणि सामान्य पगारदाराला परवडणारी. बोट स्वस्त झाली, पण बोटीला नुसते पाणी पुरत नाही. उतरवायला धक्का लागतो, ठेवायला कुंपण घातलेले आवार लागते, शर्यतीत कुणी उलटला तर काढायला मोटरबोट लागते, आणि ओले होऊन आल्यावर गरम चहाही लागतो. हे सगळे एकट्याला जमण्यासारखे नव्हते. तलावाकाठी, खाडीकाठी छोटे छोटे क्लब वाढले, आणि त्यांनी वर्गणीबरोबर सभासदाकडून वर्षातले काही दिवस मागितले. त्या दिवशी तुमची बोट पाण्यात जाणार नाही. तुम्ही बचावबोटीवर बसाल, शर्यतीच्या वेळा नोंदवाल, नाहीतर स्वयंपाकघरात सँडविच कराल. पाळीच्या दिवशी अडचण असेल तर बदली माणूस तुम्हीच शोधायचा. हंगामाच्या आधी धक्का दुरुस्त करायला आणि हंगाम संपल्यावर बोटी वर ओढायला सगळ्यांनी यायचे. डॉक्टर असो की सुतार, चिखलात बूट सर्वांचेच.

नॉर्वेत यालाच ‘दुगनाद’ म्हणतात: शेजाऱ्यांनी मिळून करायचे सामायिक काम. तिथल्या कितीतरी बोटसंघांत सभासदाने वर्षात किती तास दुगनाद करायचा हे ठरलेले असते. न केलेल्या तासांचे पैसे भरावे लागतात. आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

न केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे ठरवले की ते काम विकत घेता येते. 2000 साली उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत, शिक्षिकांना ताटकळावे लागे. सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला छोटा दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर करताना पालकांना शिक्षिकेच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती. आता त्यांनी त्या लाजेची किंमत भरली होती. पुढे दंड उठवला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर परत आला नाही. गेलेली लाज फुकटात परत येत नाही, असाच त्या आकडेवारीचा अर्थ.

आपल्याकडे लाज विकत घेण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846चा. वसाहतकाळातल्या अशा क्लबांत बोट पाण्यात ढकलायला, शिडे वाळवायला, दोर ओढायला पगारी खलाशी आणि तांडेल असत, आणि सभासद साहेब तयार बोटीत पाऊल ठेवत. जिथे श्रम स्वस्त तिथे सभासदत्व पैशातच मोजले जाते. हाच साचा आपण गृहनिर्माण संस्थांपर्यंत आणला. मेंटेनन्स भरला की संपले. सभेला गणसंख्या भरत नाही, आणि अर्ध्या तासानंतर तहकूब सभा त्याच चार माणसांत पुन्हा भरते. राज्याने 2013 साली सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आणली आणि पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहण्याची अट घातली. पाच वर्षांत एकदा! या अटीत पुढे फेरबदल झाले, पण मुळात सभासदाने सभेला यावे हे कायद्यात लिहायची वेळ आली, यातच सगळे आले.

पालघर जिल्ह्यात बोटींचा खरा संघ पाहायचा तर सातपाटीला जावे. तिथे मच्छीमारांच्या सहकारी संस्था स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळापासून चालत आल्या आहेत. बर्फ, डिझेल, शीतगृह आणि पापलेटची विक्री ही त्यांची सामायिक सोय. बदल्यात सभासदाने आपले पापलेट संस्थेमार्फत विकायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण परीक्षा असते ती भाव चढलेल्या दिवशी. बंदरावर व्यापारी रोख आणि चार पैसे जास्त घेऊन उभा असतो, आणि संस्थेचा हिशेब नंतर होणार असतो. त्या दिवशी माल संस्थेत घालणारा तोच खरा सभासद. पडत्या भावाच्या दिवशी सगळेच येतात. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही हा कोळीवाड्यांचा जुना नेम. 2023 साली पापलेटला ‘राज्य मासा’ असा मान मिळाला. ते एक ठीकच. पण पापलेट टिकायचे असेल तर कुणी, केव्हा आणि कुठल्या जाळ्याने थांबायचे, हे बंदरावरच ठरावे लागते.

आता परत डोंगरावर येऊ. कारण इथे एक अशी गोष्ट आहे की ती ना ब्रिटिश क्लबांना ठाऊक, ना नॉर्वेला.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागात ‘या, सगळे मिळून फुकट काम करू’ हे वाक्य निरागस नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या फुकट काम करवून घेतले गेले आहे. ती वेठ होती. जमीनदाराच्या शेतात आधी लावणी, मग स्वतःच्या. त्याचे गवत कापायचे, त्याची लाकडे वाहायची, आणि मजुरी मागितली तर मार. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज घेतलेला तरुण ‘लग्नगडी’ होऊन बायकोसह सावकाराच्या घरी राबे, आणि ते कर्ज आयुष्यभर फिटत नसे. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने उंबरगाव-डहाणू भागात वारली शेतमजुरांनी वेठ नाकारली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्या उठावाची हकिकत सांगणारे पुस्तक 1970 साली आले.

त्यामुळे आजही एखादा अधिकारी किंवा शहरातून आलेला उत्साही तरुण गावात येऊन श्रमदानाची हाक देतो, तेव्हा म्हातारी माणसे गप्प बसतात, त्याला अज्ञान कारण नसते. मोफत काम आणि सामायिक काम यांत फरक कुणी ठरवायचा, हा त्यांचा अनुभवाने आलेला प्रश्न असतो. सावडीत मी आज तुझ्या शेतात राबतो, कारण उद्या तू माझ्या शेतात राबणार आहेस. वेठीत परतफेडीचा दिवस कधी उजाडतच नाही. तपासायचे असेल तर एकच विचारावे: काम सांगणारा स्वतः पाटी उचलणार आहे का?

सरकारी योजनांची भाषा या ठिकाणी नेहमी अडखळते. पाणीयोजनांत लोकवर्गणीची अट येऊन आता बरीच वर्षे झाली. 2002च्या स्वजलधारा योजनेत खर्चाचा दहा टक्के वाटा गावाचा होता. 2019च्या जल जीवन मिशनमध्ये डोंगरी, वनव्याप्त आणि आदिवासीबहुल गावांसाठी तो पाच टक्क्यांवर आला, आणि तो रोख, वस्तू किंवा श्रम या कुठल्याही रूपात देता येतो. तत्त्व चुकीचे नाही. ज्यात आपले काही गेले नाही त्याची आपण काळजी घेत नाही, हे खरेच आहे. पण मोखाड्यातल्या माणसाने हा नियम कुठे उभे राहून ऐकायचा, तेही बघायला हवे.

वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडणारा हा भाग. दगड कठीण, उतार तीव्र, पाणी जमिनीत मुरण्याआधी वैतरणा-पिंजाळ-वाघ नद्यांतून निघून जाते. त्यातले एक मोठे पाणी अडवले आहे ते मध्य वैतरणा धरणाने, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ. 2014 साली पुरे झालेले हे धरण मुंबईला दिवसाला साडेचारशे दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी देते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि हंड्यांची रांग लागते. मुंबईच्या नळधारकाला दुगनाद नाही, सावड नाही, पाच टक्के श्रम नाहीत. त्याच्याकडून महापालिका फक्त पाणीपट्टी घेते. फुकट श्रमाची अपेक्षा मात्र नेमकी त्याच माणसाकडून केली जाते ज्याच्या डोंगरावर पाऊस पडतो. या विसंगतीवर मला समाधानकारक उत्तर आजवर कुणी दिलेले नाही.

आणि तरीही, विहिरीवर जे चालते ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरते. एक कळशी भरायला वाटीवाटीने उपसत बसावे लागते. भांडे ठेवले की नंबर लागला, माणूस हजर नसले तरी चालते. बाळंतिणीच्या घराला पुढे सोडले जाते. दुपारी झिरा पुन्हा उकरायचा झाला तर ज्यांचे हंडे रांगेत आहेत त्यांनीच उकरायचा. हे नियम कुठल्या समितीने केले नाहीत. भांडण होत नाही असेही नाही, टँकरच्या दिवशी तर भरपूर होते. पण त्यातही एक फरक आहे: झिऱ्याचे पाणी कमी आणि संथ, म्हणून पाळी धरता येते. टँकरचे पाणी एकदम येते आणि एकदम संपते, आणि त्याच्या येण्याची वेळ गावाच्या हातात नसते. ज्या सोयीची वेळ आपल्या हातात नाही, तिच्याभोवती पाळी बसवताच येत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन अभ्यासिकेने नेमके असेच नियम जगभरातून गोळा केले. तिचे सामायिक साधनांवरचे मुख्य पुस्तक 1990चे. 2009 साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने वापरलेल्या उदाहरणांतले एक स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचे आहे. तिथे 1517 सालीच नियम झाला होता की हिवाळ्यात ज्याला जितक्या गायी गोठ्यात पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवाव्यात. दंड जबर, आणि दंड वसूल करणाऱ्याला त्यातला अर्धा वाटा. ऑस्ट्रमच्या मते टिकाऊ नियमांची खूण म्हणजे वापर आणि भार यांचा मेळ, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात, एकमेकांवर नजर, आणि पहिल्या चुकीला छोटी शिक्षा. सावडीचा हिशेब लक्षात ठेवणाऱ्या जव्हारच्या बाईला यात नवीन काही सापडणार नाही. पण नोबेल मिळाल्यामुळे मंत्रालयात ऐकले जाते, हाही एक उपयोग आहेच.

जंगलाच्या बाबतीत मंत्रालयाने ऐकले ते जरा वेगळ्या वाटेने. राब भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्या जंगलातून तोडायच्या की नाही, यावरून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात मोठे वाद झाले. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान, मोखाडा इंग्रजी अमलात, त्यामुळे डोंगराच्या दोन बाजूंना दोन नियम. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल 1887 साली आला. त्या सगळ्या वादात एक गृहीत पक्के होते: जंगल सरकारचे, आदिवासी फार तर सवलतीचा धनी. ज्याला सवलत मिळते त्याच्यावर कर्तव्य नसते, फक्त बंधने असतात.

हे गृहीत 2006च्या वनहक्क कायद्याने मोडले. कायद्याच्या कलम 3मध्ये गावाला सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. त्याला जोडून कलम 5 येते आणि ते कर्तव्याबद्दल आहे: वन्यजीव, वने, जैवविविधता, पाणलोट यांचे रक्षण ग्रामसभेने करायचे, आणि जंगलाला बाधा आणणारी कृती थांबवायचे निर्णय पाळले जातील हेही पाहायचे. हक्काच्या चर्चा खूप होतात, कलम 5 मात्र फारसे कुणी वाचून दाखवत नाही. जव्हार परिसरात वयम् चळवळीसारख्या मंडळींनी वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) या दोन कायद्यांच्या अंमलबजावणीवर नेट धरला. महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 साली आले आणि पाड्यांना स्वतःची ग्रामसभा म्हणून उभे राहण्याची वाट त्यात मिळाली. पाडा लहान असतो, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि हजेरी घ्यायला वही लागत नाही. दहा-बारा पाड्यांच्या ग्रुप ग्रामपंचायतीत हे कधीच जमले नसते.

रक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय? ओडिशातल्या काही गावांत ‘ठेंगापल्ली’ नावाची पद्धत आहे. जंगलावर पहारा देणाऱ्या माणसाने संध्याकाळी आपली काठी शेजारच्या घराच्या दारात ठेवायची. सकाळी ज्याच्या दारात काठी, त्याची पाळी. इकडे असे चिन्ह नसले तरी निसर्गाच्या वेळापत्रकाशी बांधलेले नेम आहेत. पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीची भाजी वारली घरांत देवाला वाहिल्याशिवाय खात नाहीत. ज्या दिवशी खायची, त्या दिवशी सगळ्यांनी. धर्म म्हणा, पण कोवळ्या रोपाला जमिनीत पाय रोवायला काही दिवस मिळतात, आणि सर्वांना एकाच वेळी मिळते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही हा आपला नेम पाळला. सर्वसहमती म्हणजे उपस्थिती. जो सभेत नाही, त्याची सहमती कशी घेणार?

आणि इथेच जव्हार-मोखाड्याचा खरा पेच उभा राहतो, कारण इथे माणसे गावात नसतात.

दिवाळीनंतर भात झोडून झाले की घरे बंद होऊ लागतात. भिवंडी, वसई, ठाणे, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, रेतीचे काम, बांधकामे. नवरा-बायको, पोरे, कोंबड्या, भांडी, सगळे ट्रकमध्ये. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला, देशाच्या कितीतरी आधी. पण काम वेळेवर निघत नाही आणि मजुरी वेळेवर हातात पडत नाही, म्हणून मुकादमाची उचल घेतलेली परवडते. होळीला माणसे परततात, चार दिवस गाव भरते. याच सुमारास बोहाड्याची रात्र येते. मोखाड्याचा बोहाडा लांबलांबून लोक पाहायला येतात: संबळ आणि वाद्यांच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका, महिषासुर अशी सोंगे मुखवटे घालून नाचतात. बरीच सोंगे घराण्यांकडे चालत आलेली आहेत. सोंग हा त्या घराचा मान, पण तो मान नाचूनच घ्यावा लागतो. शहरात नोकरीला लागलेला मुलगाही त्या रात्रीसाठी रजा काढून येतो. पैसे पाठवून दुसऱ्याला नाचायला लावणे फार कुणाला सुचत नाही.

जंगलाचा पहारा मात्र होळीच्या चार रात्रींत उरकत नाही. वणवे लागतात फेब्रुवारी ते मे या काळात. लाकूडतोडीचा हंगाम हाच. जाळरेषा काढायच्या, रात्री डोंगरावर नजर ठेवायची, धूर दिसला की फांद्या घेऊन धावायचे, हे सगळे नेमके तेव्हा करायचे जेव्हा गावात म्हातारे, शाळेची पोरे आणि मागे राहिलेल्या काही बायका असतात. कागदावर ग्रामसभा शंभर जणांची, डोंगरावर पंधरा. ते पंधरा जण सगळ्यांच्या वाटचे काम करतात, आणि नंतर मध, मोहाची फुले, टेंबुर्णीची पाने, बांबू यांचा वाटा शंभरांत समान होतो. ऑस्ट्रमने सांगितलेला वापर आणि भार यांचा मेळ इथेच तुटतो. दोन-तीन वर्षांत ते पंधरा जणही कंटाळतात.

वर मी पैशाने हजेरी विकत घेण्याविरुद्ध बरेच लिहिले आहे. या एका जागी मात्र माझे मत उलटे आहे. भट्टीवर गेलेला माणूस आळशी नाही, तो पोटासाठी गेला आहे. त्याच्याकडून हजेरी मागणे म्हणजे त्याला वर्षभराच्या उचलीपेक्षा जंगल निवडायला लावणे, आणि ते कुणी निवडणार नाही. त्याने घरामागे काही रक्कम ग्रामसभा कोषात घालावी आणि ती पहारा देणाऱ्यांना रोजाने मिळावी. पेसा नियमांत असा कोष ठेवायची सोय आहेच. हैफात दंडाचा दर ठरवणारे वेगळे होते आणि ताटकळणाऱ्या शिक्षिका वेगळ्या. इथे दर ठरवायचा तो मागे राहिलेल्यांनी, आणि ठरवायचा होळीच्या त्या चार दिवसांत, जेव्हा भट्टीवरचा माणूस समोर बसलेला असतो. आवणीतून मात्र कुणालाच सूट नको. जूनमध्ये सगळे परत येतात, आणि तेव्हा पैशाने काहीच विकत मिळत नाही.